कोकणात कासवं बघायला निघालेल्या सोलापूरकरांसाठी

मार्चमध्ये कूलरला नवं गवत बसवून झालं की सोलापूरकराला समुद्र आठवतो. यंदा तुम्ही वेळास ठरवलंय, उत्तम केलंत. मंडणगड तालुक्यातलं छोटंसं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण तो इतिहास तिथल्या लोकांनी बघावा. आपल्याला कासवाचं पिल्लू बघायचंय. ऑलिव्ह रिडले. नाव पाठ करून ठेवा, स्टेटसला लागतं.

निघण्याआधी गावात फोन करून पिल्लं कधी निघतील ते अजिबात विचारू नका. अंडी घातल्यापासून साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात, त्यामुळे ढोबळ अंदाज मिळतो म्हणे. मिळेना का! आपण दुसरा शनिवार बघून निघायचं. ट्रॅव्हलर ठरलाय, आत्या बार्शीहून येऊन बसल्यात, कडक भाकऱ्या बांधून झाल्यात. एवढं सगळं जुळवल्यावर कासवाला एक दिवस मागेपुढे करता येत नाही?

पहाटे किनाऱ्यावर नेतील तेव्हा दोरी बांधलेली दिसेल. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं असतं. हा नियम पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी आहे. आपण एवढ्या लांबून आलोय. दोरी उचलून आत शिरा आणि कुणी हटकलंच तर ‘सोलापूरहून आलोय’ एवढंच सांगा. तिथल्या कासवमित्राच्या चेहऱ्यावर जे उमटेल, ते कौतुकच समजा. हा माणूस रोज अंधारात किनारा पालथा घालतो, मादीच्या सरपटण्याच्या खुणांवरून घरटं शोधतो, शंभरेक अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी उचलतो आणि कुंपणातल्या खड्ड्यात तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली हे काम इथे सुरू केलं. त्याआधी अंडी सरळ खाल्ली किंवा विकली जात. त्यामुळे त्याला तुमच्याकडून फोटोग्राफीचं चार शब्दांचं मार्गदर्शन हवंच असणार.

टोपलीतून पिल्लं वाळूवर सोडली की मोबाइलचा टॉर्च लावा, सगळ्यांनी एकदम. पिल्लू उजेडाकडे चालतं. समुद्रावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, त्या खुणेवर त्याला पाणी सापडतं. पण पाण्याकडे गेलं तर त्याची पाठ येते फोटोत! टॉर्च लावलात की ते वळून तुमच्याकडे येईल. पाहुण्याला सामोरं येण्याची रीत त्यालाही कळायला हवी.

त्याला स्वतः चालू द्या, उचलू नका, असंही सांगतील. मोठी झालेली मादी अंडी घालायला बहुधा जन्मल्या किनाऱ्याच्या परिसरातच परतते, ती ओळख लहानपणीच ठसते, असं काहीसं कारण देतात. तुम्ही लक्ष देऊ नका. आपण देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही, मग जिवंत कासवाला लावला तर बिघडलं कुठं? पाचही मुलांच्या तळहातावर एकेकदा ठेवा. सनस्क्रीन नुकतंच लावलेलं असेल तर फारच छान.

मामा मागून सुचवतील, ‘एक बाटलीत घालून न्यायचं का बे? सिद्धेश्वर तलावात सोडू.’ कल्पना झकास आहे. समुद्री जिवाला गोडं पाणी चालत नाही, ही किरकोळ बाब. शिवाय 1972च्या वन्यजीव कायद्यात कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे मामांच्या किमान तीन वर्षांच्या मुक्कामाची सोय सरकारकडून.

उन्हाचा विषय निघाला तर मात्र सोडू नका, तो आपला प्रांत. वाळू गरम असली की अंड्यांतून माद्या जास्त निघतात, थंड असली की नर, असं ते समजावतील. लगेच सांगा, ‘हे काय ऊन? आमच्याकडे या एप्रिलात!’ आपल्या एप्रिलात त्या अंड्यांतून नर नाही, मादी नाही, थेट आम्लेट निघेल, पण अभिमानाच्या जागी तपशील काढू नये.

दुपारी गाडी वाळूवर उतरवा. दीड-दोन इंचांचं पिल्लू चाकाच्या खाचेत पडलं तर बाहेर येता येता दमतं. व्यायाम झाला त्याला. रात्री चादरी अंथरून स्पीकर लावा. अंडी घालायला आलेली मादी गोंगाट-उजेड बघून तशीच परत फिरते, त्यामुळे तुमच्या गाण्यात व्यत्यय येणार नाही.

एखादा शहाणा विचारेल, एवढ्या लांब कशाला, बार्शी रोडला नान्नज आहे की, 1979पासूनचं माळढोक अभयारण्य, कधी गेलात? त्याला सांगा, तिथं जाऊन उपयोग नाही, माळढोक आता दिसतच नाही. का दिसत नाही, हे तो विचारायच्या आत गाडीत बसा.

आणि पिल्लं निघालीच नाहीत, तर गावात ज्या घरी उतरलात तिथल्या काकूंकडे निम्मे पैसे परत मागा. त्या म्हणतील, ‘आणखी एक रात्र राहा हो, उद्या बहुतेक वर येतील. पैसे नका देऊ हवं तर.’ राहू नका. ट्रॅव्हलरवाला जादा दिवसाचं भाडं लावतो.