वर्ग घुमला पाहिजे

शाळेच्या दुरुस्तीला पैसे मंजूर झाले की आधी कौलं उतरवा. ती गळतात, माकडं त्यांच्यावर नाचतात, आणि मे महिन्यात छप्पर शाकारायला माणूस मिळवणं आमदार मिळवण्याहून कठीण. पत्रे घाला. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, म्हणजे पहिलीतलं पोर नेमकं अक्षरओळख करत असतं तेव्हा. पत्र्यावर जोराची सर आली की बाईंचे नुसते ओठ हलताना दिसतात. पोरं टक लावून बघत बसतात. इतकी शिस्त छडीनेही लागली नव्हती.

मग भिंतींना फरशी लावा, तीही थेट छतापर्यंत. उद्घाटनाच्या फोटोत चकाकते. पडदे काढून टाका, धूळ धरतात. आता खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट फुटलं की काम फत्ते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगून ठेवलंय, वर्गातला घुमारा ०.६ सेकंदात विरावा. सांगू द्या. देवळाच्या सभामंडपात घुमतं ते चालतं, मग विद्येच्या मंदिरात का नको?

कोणी विचारलंच, घुमल्याने काय बिघडतं, तर सांगावं: काही नाही. स्वर दणकट असतात, ते पोचतात. व्यंजनं तेवढी नाजूक. आधीच्या अक्षराचा 'आ' भिंतींवर आपटत असतानाच पुढचं व्यंजन त्याच्याखाली गाडलं जातं. बाई 'थाट' म्हणाल्या की 'ताट', 'फळ' म्हणाल्या की 'पळ', हे पोराने आपल्या मनाने ठरवावं. तुम्हा-आम्हाला असा प्रश्नच पडत नाही. अर्धा शब्द कानावर आला की उरलेला आपलं डोकं भरून काढतं. आयुष्यभर ऐकलेली भाषा गाठीशी असते. सहा वर्षांच्या पोराची ती गाठ रिकामी. त्यातून घरात कोकणी, शाळेत मराठी, आणि पावसाळ्यात सर्दीने कान भरलेले. गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची ताकद तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत वाढतच असते म्हणे. म्हणून वर्गाची परीक्षा मोठ्यांवर सोपवा. चेअरमननी पुढच्या खुर्चीत बसून, वर्ग रिकामा असताना, "ऐकू येतं हो स्वच्छ!" असं म्हणावं.

पट घटलाय? पहिली आणि तिसरी एकाच खोलीत बसवा, मध्ये डोक्याएवढं प्लायवूड. पलीकडून सातचा पाढा, अलीकडे कविता. दोन्ही यत्तांना दोन्ही विषय फुकट.

रस्त्याकडची खिडकी बंद करू नका, उकडतं. न्यूयॉर्कात एका शाळेला खेटून उंचावरून रेल्वे जायची. १९७५ च्या अभ्यासात दिसलं, की रुळांकडच्या वर्गांतली सहावीची मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे होती. नंतर रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं, आणि तो फरक नाहीसा झाला. अमेरिकन लोक असेच, चांगलं चाललेलं बघवत नाही. आपल्या शाळेला खेटून रेल्वे नसली तरी ट्रक आहेत, बस आहेत, आणि मधल्या सुट्टीआधीच भोंगा वाजवत पाव विकायला येणारा पदेर आहे.

एवढं केल्यावर प्रगतिपुस्तकात आपोआप येतं, 'वर्गात लक्ष देत नाही'. खचू नका. शेजारच्या मावशींकडे ट्यूशन लावा. जुनं घर, वर कौलं, मातीच्या जाड भिंती, खाटेवर गोधड्यांचा ढीग, दोरीवर वाळत घातलेले कपडे. चार पोरं मावशींपासून हातभर अंतरावर. महिन्याभरात पोर धडाधड वाचायला लागतं. पालकसभेत उठून सांगा, मावशींच्या हाताला गुण आहे. आणि जाता जाता वर्गातल्या फरशीची देणगी कोणी दिली तेही विचारून घ्या, पाटी अजून लावायची राहिलीय.