दूध पिते ना, मग झालं!

आमच्या बाईसाहेब चार वर्षांच्या आहेत आणि त्या जेवत नाहीत. अगदीच नाही असं नाही, पण त्यांची एक वाटी वरणभात संपेपर्यंत माणूस ठाण्याहून स्लो लोकलने सीएसएमटीला पोचतो. पहिला घास हॉलमध्ये, दुसरा गॅलरीत, तिसरा लिफ्टमध्ये आणि बाकीचे खाली वॉचमनकाकांच्या खुर्चीवर. चिऊचा घास काऊचा घास करावं तर आठव्या मजल्यावर चिऊ येते कुठे, सगळी कबुतरंच. कबुतराचा घास म्हटलं तर म्हणते, मग त्यालाच द्या ना. आता यावर काय बोलणार?

पण घरात कुणाला टेन्शन नव्हतं. कारण आमच्या आईचं एक वाक्य ठरलेलं होतं, "जेवत नाही फारशी, पण दूध पिते हो!" हे ती अशा आवाजात सांगायची की समोरच्या बाईला आपल्या पोळीभाजी खाणाऱ्या मुलाची लाज वाटावी.

मग एक दिवस पोरगी गॅलरीतल्या भिंतीचा चुना चाटताना सापडली. बायको म्हणाली डॉक्टरकडे चला, आई म्हणाली कॅल्शियम कमी पडतंय, अजून एक कप दूध वाढवू.

डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन 9.4. या वयात निदान 11 तरी हवं म्हणाले, आणि विचारलं, दूध किती पिते?

"एकच मग," आई म्हणाली. "सकाळी मीच देते."
"एकच," बाबा म्हणाले. "शाळेतून आली की."
बायको माझ्याकडे बघायला लागली, कारण खेळून आल्यावरचा मग तिचा होता. आणि रात्री, जेवली नाही तर उपाशी कशी झोपेल बिचारी म्हणून गुपचूप दिला जाणारा चौथा माझा. मग अडीचशे मिलीचा, वर छोटा भीम असलेला. डॉक्टरांनी कागदावर बेरीज केली. एक लिटर! चार मोठी माणसं, आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचंसुद्धा असंच होतं.

डॉक्टर म्हणाले, दुधात लोह जवळपास नसतंच, वर पोट भरतं त्यामुळे भूक लागत नाही, आणि दुसऱ्या अन्नातलं लोहही त्याच्यामुळे नीट शोषलं जात नाही. दिवसाला 400-500 मिलीच्या वर नको, आणि भिंत चाटणं हेही बऱ्याचदा लोह कमी पडल्याचं लक्षण. घरी येऊन रात्री मोबाईलवर बघितलं तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली जवळजवळ 69 मुलं ॲनिमिक निघालेली. म्हणजे गर्दीत होतो. गर्दीत असलं की मुंबईच्या माणसाला उगाच बरं वाटतं, पण यावेळी नाही वाटलं.

आता लोहाचं औषध सुरू झालंय. ते दुधासोबत द्यायचं नाही, लिंबूसरबतासोबत चालतं, आणि दुसऱ्या दिवशी शी काळी होते हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे बाथरूममधून बायकोची जी किंकाळी आली ती सातव्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारली. माळ्यावरची लोखंडी कढई खाली आली, अळिवाचे लाडू झाले, फ्रिजवर दुधाचा तक्ता लागला, ज्याने मग दिला त्याने सही करायची. तीन पिशव्यांच्या दोन झाल्या तेव्हा दूधवाल्याने विचारलं, कुणी गावाला गेलंय का?

आणि खरं सांगतो, पाचव्या दिवशी पोरगी स्वतःहून म्हणाली, भूक लागली. सगळे नुसते बघत राहिलो, कारण घरात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलेलं. अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली, बसल्या जागी, लिफ्टशिवाय.

आईला आनंद झालाच, पण ती गप्प गप्प होती. रात्री मी तक्त्यावर सही बघायला गेलो तर ती मागून हळूच म्हणाली, "डॉक्टर दुधाचं बोलले ना रे, बासुंदीचं काही बोलले का?"