बोलेल गं आपोआप!

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एक वाद रंगलाय. नात्यातला एक मुलगा दोन वर्षांचा झाला, पण त्याची गाडी चार-पाच सुट्या शब्दांपुढे सरकत नाही. एक गट म्हणतो, बोलेल गं आपोआप, मुलगे उशिराच बोलतात. दुसऱ्या गटाने कुठल्या वयात मुलाला काय यायला हवं, याचा इंटरनेटवरचा कुठलासा तक्ता टाकून आईची झोप उडवली. मी इंग्लंडमध्ये राहते, म्हणून पंच मी!

इथे हा प्रश्न मुळात घरच्यांवर सोडलेलाच नसतो. मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की हेल्थ व्हिजिटरच्या, म्हणजे लहान मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिकेच्या टीमकडून बोलावणं येतं, आणि सोबत एक प्रश्नावली. चेंडूला लाथ मारतं का? मणी किंवा मॅकरोनी बुटाच्या नाडीत ओवतं का? शब्द जोडून बोलतं का? उत्तरं तीनच: हो, कधीकधी, अजून नाही. सगळ्यांनाच विचारतात, त्यामुळे कुणाला आपल्याच मुलाकडे बोट दाखवल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे ‘एकदा दाखवून घ्या’ म्हटलं, की ‘म्हणजे आमच्या मुलात खोट आहे का?’ इथपासून सुरुवात.

तक्तावाल्यांचंही मला पूर्ण पटत नाही. तक्ता म्हणजे शर्यत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचं वय आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं दिसलं, आणि काही मुलं तर रांगलीच नाहीत. तेव्हा अमक्याची मुलगी दहाव्या महिन्यात चालली, याचं कौतुक जरूर करा, पण त्यावरून शेजारच्या बाळाला जोखू नका. मात्र अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२२मध्ये मुलांच्या विकासाच्या टप्प्यांची आपली यादी बदलली, तेव्हा प्रत्येक टप्पा किमान ७५ टक्के मुलं गाठतात त्या वयाला नेऊन ठेवला. दोन वर्षांना निदान दोन शब्द जोडणं त्याच यादीत आहे. म्हणजे ही हुशार मुलांची पायरी नाही. बहुतेकांनी ओलांडलेली आहे. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं, पण ‘थोडे’ या शब्दावर वर्षभर ढकलता येत नाही.

‘दोन भाषा कानावर पडतात म्हणून गोंधळतो’ हेही ग्रुपवर आलंच. याचा मला खरंच राग येतो, कारण इथली कितीतरी मराठी घरं याच भीतीने मुलांशी मराठी बोलणं सोडतात. दोन भाषांमुळे बोलणं रखडत नाही. शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

परदेशात सगळं छान आहे असंही नाही. प्रश्नावलीत ‘अजून नाही’ जास्त आले, तरी स्पीच थेरपीसाठी कित्येक महिने रांगेत थांबावं लागतं. आपल्या शहरांत पैसे असतील तर थेरपिस्ट बराच लवकर भेटतो. आणि भारतात व्यवस्थाच नाही असं म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पाहावा. २०१३पासून त्याची पथकं अंगणवाडीत मुलं तपासतात, आणि त्या तपासणीत विकासातला विलंबही येतो. गंमत अशी, की अंगणवाडीतल्या मुलाला जे विचारलं जातं, ते खासगी दवाखान्यात लस टोचून, वजन करून दहा मिनिटांत बाहेर पडणाऱ्या मुलाला कुणी विचारेलच असं नाही. आपल्या मध्यमवर्गाची अडचण ही आहे.

पंच म्हणून मी एवढंच लिहिलं: आधी कानांची तपासणी करा, कारण कानात पाणी साठून कमी ऐकू येणारी मुलं वरवर अगदी ठीक दिसतात. हाक मारल्यावर वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, ते बघा आणि डॉक्टरांना सांगा. पूर्वी येत असलेले शब्द गेले असतील, तर याच आठवड्यात दाखवा. तपासणीत काही निघालं नाही, तर एक दुपार वाया गेली, इतकंच.