नळ जोडला, पण पाण्याचं काय?

खूप दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. अमुक इतक्या घरांना नळ दिले असा आकडा आला की आपण सगळे खुश होतो, मी पण होते. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो ओझं, आणि जगात जिथं बाहेरून पाणी भरावं लागतं तिथं दर १० पैकी ७ घरांत ते बायका-मुलीच वाहतात, ते ओझं उतरलं तर आनंद होणारच ना. पण त्या नळाला पाणी कधी येतं, किती वेळ येतं आणि ते पिण्यासारखं असतं का, हे विचारायचं राहूनच जातं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून याचा हिशोब ठेवतात, त्यात सुरक्षित पाणी म्हणजे घराच्या आवारात, हवं तेव्हा मिळणारं आणि जंतू, घातक रसायनं नसलेलं. २०२२ मध्ये असं पाणी न मिळणारे २२० कोटी लोक होते आणि सुरक्षित संडासाची सोय नसलेले ३५० कोटी. बापरे.

आता बघा, पाणी दिवसातून तासभर सुटतं. उरलेले २३ तास पाइपात दाबच नसतो, मग जिथं जॉइंट सैल आहे, चीर गेलीय, तिथून शेजारच्या गटाराचं, नाहीतर संडासाच्या खड्ड्यातून झिरपलेलं पाणी आत शिरतं. फिल्टर प्लांटमधून चांगलं निघालेलं पाणी असं वाटेत नासतं. नळाला पाणी येईपर्यंत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक पाहिजे, पण गटाराची घाण मिसळली की तो तिथंच संपतो.

बरं, उद्या पाणी येईल की नाही भरवसा नाही म्हणून बाई घरातली सगळी भांडी भरून ठेवते. तहानलेलं पोर धावत येतं, पेला सरळ हंड्यात बुडवतं, पेल्याबरोबर चार बोटं पण बुडतात, झालं. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं भांडं असलं तर खूप फरक पडतो, खरंच पडतो, पण म्हणून सगळा दोष त्या बाईवर ढकलायचा का? पाणी उकळून प्या म्हणणं सोपं आहे हो, जळण आणि वेळ तिनेच काढायचा ना.

आणि दिसायला स्वच्छ पाण्याचं पण खरं नसतं. बांगलादेशात जुलाबाचे आजार टळावेत म्हणून १९७० च्या दशकापासून कूपनलिकांवर भर दिला, हेतू चांगलाच होता, पण त्या पाण्यात आर्सेनिक हे विष आहे का, हे कुणी तपासलंच नव्हतं. १९९० च्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर उघडकीस आलं, तोवर कोट्यवधी लोक तेच नितळ पाणी पीत होते.

संडासाचं पण तसंच. बांधला, फोटो काढला, मोजला. पण पाणीच लांबून आणायचं असेल तर त्यातलं बादलीभर संडासात कोण ओतणार? आणि खड्डा भरला की पुढे काय? टँकर येतो, मैला उपसतो आणि बऱ्याचदा ओढ्यात नाहीतर मोकळ्या जागेत सोडून देतो, खाली कुणीतरी तेच पाणी भरत असतं. त्यापेक्षा दोन शोषखड्ड्यांचा संडास मला खूप पटतो, एक भरला की बंद करून दुसरा चालू करायचा, पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. फक्त दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवायचे नाहीत आणि विहीर-बोअरपासून लांब खणायचे, बांधणाऱ्या माणसाने हे घरच्यांना नीट समजावून सांगायला पाहिजे.

२८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा माणसाचा हक्क म्हणून मान्य केला. मग हक्काने विचारू या ना. किती नळ जोडले याच्या शेजारी पाणी रोज किती तास येतं आणि शेवटची तपासणी कधी झाली, त्यात काय निघालं हे पण लिहा. आणि किती संडास बांधले सांगता तेव्हा त्यातला मैला कुठे जातो ते पण सांगा.