वारूळ चालतं, मग सुतळी का नको?

समकालीन शिल्पांवर एक पोस्ट जोरात फिरते आहे. थोडक्यात ती म्हणते: शिल्प म्हणजे दगड आणि धातू, शेण-सुतळी हे विदेशी फॅड, गोव्यात समान नागरी कायदा आहे, स्त्री-पुरुष भेद उरलाय कुठे, आणि पुतळ्यांनी समाज बदलत नाही.

शेणापासूनच सुरुवात करू. अंगण सारवायचं काम कुणाकडे असायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. बंगळुरूच्या शिल्पकार शीला गौडांनी नव्वदच्या दशकात तेच शेण शिल्पासाठी हाती घेतलं. 1998 च्या एका कामात त्यांनी सुयांतून दोरे ओवले आणि गोंद-कुंकू माखून त्यांचे लांबच लांब लाल दोर केले. टोकाला सुयांचे झुबके. शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी (1949–2015) दोराला गाठीवर गाठ मारत माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या, तर त्यांना हस्तकलेच्या खात्यात टाकणारे निघालेच. बायका घरात करतात ते ‘काम’ नव्हे आणि दालनात मांडलं तर ‘कला’ नव्हे! भेद हाच, आणि पोस्ट लिहिणाऱ्याने तो नकळत सिद्ध केला आहे.

विदेशी म्हणाल, तर आपली गोव्याची सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. तिथे कुणी संगमरवर मागत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर पती-पत्नीच्या मालमत्तेतली निम्मी वाटणी खरी आणि मोलाचीही. पण पत्नीला तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करू देणारी 1880 ची तरतूदही आपल्याच गोव्यातली.

राहिला पुतळ्यांचा प्रश्न. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, संमोहनविद्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय आबे फारियाचा पुतळा 1945 पासून उभा आहे; फारिया हात पसरून उभा, पुढ्यात कोसळणारी बाई. काम अप्रतिम, विषय संमोहनाचा, त्यामुळे बाई कोसळलेली असणारच. तरी शहराच्या ऐन मोक्याच्या जागी पुरुषाला नाव आहे, बाई बेशुद्ध आणि निनावी आहे, हे किती जणांना खटकलं? नजरेला वळण पुतळे लावतातच. समकालीन शिल्पकार ते मोडू पाहतात.

समाज लगेच बदलत नाही, हे मात्र मान्य. 2017 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ बैलाच्या प्रसिद्ध पुतळ्यासमोर निर्भय मुलीचा पुतळा बसवणारी गुंतवणूक कंपनी त्याच वर्षी महिला अधिकाऱ्यांना कमी पगार दिल्याच्या आरोपावर 50 लाख डॉलरची तडजोड करून मोकळी झाली.