सिंधूसाठी रडणाऱ्यांनो

सकाळी फॅमिली ग्रुपवर एका काकांचा मेसेज. काल राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' नाटक बघून आले, 'आजच्या मुलींनी सिंधूकडून काहीतरी शिकावं', खाली हात जोडलेले चार इमोजी. चहा घशात अडकला माझ्या.

काय शिकायचं काका? नवऱ्याने, त्या सुधाकरने, काठी घातली, त्यात बाळ गेलं, आणि मरताना त्यालाच वाचवायला खोटं बोलायचं, हे?

आपल्या बडोद्यातच पहिला प्रयोग झाला याचा, १९१९ मध्ये, गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. तेव्हापासून सगळे म्हणतात दारूचं नाटक. अहो, प्याला नंतर येतो! आधी कोर्टात वकील सुधाकरचा अपमान होतो, वकिलीची सनद जाते, मग त्याचा दारुडा सोबती तळीराम प्याला पुढे करतो. नशा अहंकाराची असते हो, दारू फक्त निमित्त.

माझे बाबा थेंबालाही शिवले नाहीत, आणि इथे तर दारूबंदीच (हसू नका). पण नोकरी गेली तेव्हा आठ महिने घरात सुधाकरच बसलेला. मामाने पाकीट पाठवलं तर 'माहेरचा पैसा या घरात नको' म्हणून ताट सरकवलं, आणि मला, नववीतल्या मुलीला, ते परत द्यायला दांडिया बाजारला पिटाळलं. आई रात्री आम्ही झोपल्यावर शेजारच्या बेनच्या ऑर्डरचे खाखरे तव्यावर दाबत बसायची, दार लोटून, बाबांना वास जाऊ नये म्हणून. वास जायचाच. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

आणि हेच बाबा पुढे हे नाटक बघताना, सिंधू दळायला बसली तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत रुमाल तोंडात धरून रडले. तेव्हा भयंकर राग आलेला. आज तेवढा येत नाहीये, का कोण जाणे. त्यांनाही कोणी सांगितलं नसेल की पगाराशिवायही माणूस बाप असतो.

बरं, गडकऱ्यांनी फाडफाड बोलणारी गीताही, तळीरामाची बायको, लिहिली, मान्य. पण ग्रुपवर गीतेकडून शिका असं कोण म्हणतंय? आणि ती आदर्श सिंधू पहिल्यांदा रंगवली कोणी, तर बालगंधर्वांनी. बाईने कसं सोसावं हेही पुरुषानेच करून दाखवायचं!

आत्ता आईला फोन केला, म्हटलं ते पाकीट आठवतंय? हसली. म्हणाली, 'त्यातले पाचशे मी आधीच काढून घेतले होते गं, तुझ्या फीला. मामाला माहीत होतं.'