साधा की चार्जिंगचा?

घरातल्या घड्याळासाठी, रिमोटसाठी आणि विजेरीसाठी साधे सेल घ्यावेत की चार्जिंगचे, या प्रश्नावर मी बेळगावात बसून पुष्कळ वर्षे विचार केला आहे. सीमाभागातल्या माणसाला प्रलंबित प्रश्न सांभाळण्याचा सराव असतो, त्यामुळे हाही प्रश्न निकाली न काढता घरात पिढ्यान्‌पिढ्या कसा नांदवावा, हे सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. आधी शब्दांचा एक खुलासा करतो. आपल्याकडे बॅटरी म्हणजे हातात धरायची विजेरी, आणि तिच्या पोटात जातो तो सेल. ज्यांना हा फरक ठाऊक नाही, त्यांनी दुकानात जाऊन नुसती ‘बॅटरी’ मागावी आणि समोर काय येते ते निमूटपणे घेऊन यावे.

खरेदीसाठी शनिवारची संध्याकाळ निवडावी. खडेबाजारात पाय ठेवायला जागा नसते, हातात भाजीची पिशवी असते आणि मागच्या गिऱ्हाइकाचे कोपर आपल्या बरगडीत असते. अशा वेळी कोणते यंत्र किती वीज खाते, हा प्रश्न डोक्यात येण्याचा धोका नसतो. तरीही आपण चुकून “चार्जिंगचे आहेत का हो?” असे विचारलेच, तर दुकानदार आपली सुटका करतो. “साधंच घेऊन जावा की, कशाला डोक्याला ताप!” हा सल्ला त्याने मला निदान वीस वेळा दिला आहे, आणि वीसही वेळा मी पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच दुकानात गेलो आहे. त्याच्या व्यवहारज्ञानाबद्दल मला नितांत आदर आहे.

आता यंत्रांकडे वळू. भिंतीवरचे घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट हे घरातले सर्वांत मिताहारी जीव. घड्याळ एका पेन्सिल सेलवर वर्षभर सहज काढते. म्हणून चार्जिंगचे महागडे सेल सर्वप्रथम तिथेच घालावेत. निकेल-मेटल हायड्राइड जातीचा चांगला सेल शेकडो वेळा, काही सेल तर हजार वेळादेखील चार्ज होतात. वर्षातून एकदा या हिशेबाने आपला सेल हजार वर्षे पुरेल आणि पुढच्या तीसेक पिढ्यांची सोय होईल. हा सेल न वापरता नुसता पडून राहिला तरी हळूहळू उतरत जातो, असे काही चोखंदळ लोक सांगतील. ते खरे आहे. पडून राहिल्यावर फार न उतरणारे सेल 2005 पासून बाजारात आले आहेत, ते वर्षभरानंतरही बराचसा चार्ज राखून असतात, हेही खरे आहे. म्हणूनच आपण जुन्या पद्धतीचे शोधून घ्यावेत, म्हणजे काहीही न करणाऱ्या रिमोटमध्ये काहीही न करता सेल संपल्याचा अनुभव मिळतो.

याउलट जिथे सेल अधाशासारखा खाल्ला जातो, तिथे साधेच सेल वापरावेत. माझ्या पुतण्याच्या मोटारीला चार पेन्सिल सेल लागतात आणि सुटीत ती तीन दिवसांत ते फस्त करते. पंचेचाळीस दिवसांच्या सुटीत पंधरा संच, म्हणजे साठ सेल, पंधरा रुपयांप्रमाणे 900 रुपये. साधारण तेवढ्याच्या आसपास चार चार्जिंगचे सेल आणि एक चार्जर घरी आला असता आणि पुढच्या सुटीलाही उपयोगी पडला असता; पण हा हिशेब सुटी संपल्यावर करायचा असतो, आधी नव्हे. आप्पांच्या रक्तदाब मोजायच्या यंत्रालाही पट्टा फुगवताना जोर लागतो. त्यात आम्ही नेहमी सर्वांत स्वस्त सेल घालतो. पट्टा अर्धा फुगून सुस्कारा सोडतो, पडद्यावर सेलचे चित्र लुकलुकते, आणि “माझा रक्तदाब संपला वाटतं,” असे आप्पा शांतपणे म्हणतात.

चार्जिंगच्या सेलला दम नसतो, हे वाक्य प्रत्येक गल्लीत एक तरी जाणकार बोलतो. साधा सेल दीड व्होल्टचा आणि चार्जिंगचा 1.2 व्होल्टचा, हा त्याचा पुरावा. साधा सेल दीडपासून सुरू होऊन पहिल्या दिवसापासून उतरणीलाच लागतो आणि शेवटी एक व्होल्टच्या आसपास येऊन टेकतो, तर चार्जिंगचा सेल बहुतेक काळ 1.2 ला चिकटून राहतो, त्यामुळे बहुतेक यंत्रांना हा फरक जाणवतही नाही, ही माहिती आपल्याजवळ असली तरी ती कट्ट्यावर उघड करू नये. जाणकाराशी वैर धरून गल्लीत राहता येत नाही.

चार सेल लागणाऱ्या यंत्रात चारही एकदम बदलणे हा उधळेपणा होय. दोन नवे, दोन जुने घालावेत. जुना सेल लवकर रिकामा होतो आणि नवे सेल त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात. मग तो गळू लागतो आणि यंत्राच्या स्प्रिंगवर पांढरी बुरशी चढते. अल्कलाइन, म्हणजे जरा महागातला साधा सेल गळला असेल तर ती बुरशी क्षाराची असते आणि लिंबाच्या रसाच्या थेंबाने फसफसून निघते. ही युक्ती लक्षात ठेवून लिंबू मात्र सरबतालाच वापरावे.

संपलेल्या सेलला पुन्हा उभे करण्याची आपली परंपरा थोर आहे. रिमोटला तळहाताच्या दोन थपडा द्याव्यात, सेल जागच्या जागी बोटाने फिरवावेत. याने टोकांवरची काजळी किंचित घासली जाऊन दोनचार दिवस निघतात. मग सेल गच्चीवर न्यावेत. आमच्याकडे एप्रिलमध्ये ब्याडगी मिरची वाळत घातलेली असते, तिच्या चटईच्या कडेला सहा सेल ओळीने मांडलेले असतात आणि आज्जी काठी घेऊन दोन्हींची राखण करते. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग धरते, संध्याकाळी रिमोट चालतो, आणि रात्रीच्या बातम्यांपर्यंत पुन्हा मान टाकतो. साधा सेल चार्जरमध्ये घालून बघण्याचा प्रयोग मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. आत वायू साठून सेल गळतो, कधी फुटतो, आणि मला वाचक आधीच कमी आहेत.

स्वस्तातला साधा सेल म्हणजे फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने 1866 साली बनवलेल्या घटाचा सुकवलेला वंशज. आतही तेच जस्त आणि तेच मँगनीज डायऑक्साइड. गंमत अशी की जस्ताचे ते बाहेरचे डबडेच वीज देता देता झिजत जाते, म्हणून संपलेला सेल यंत्रात राहिला की त्याला भोके पडतात. लेक्लांशेच्या घटानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1966 साली, आमच्या सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला. दोन्हींचे अवशेष आमच्या घरात अजून आहेत, पैकी सेलचे अवशेष टीव्हीखालच्या खणात आहेत.

या खणाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. त्यात चालू, मेलेले आणि संशयित असे तीनही प्रकारचे सेल एकत्र नांदतात. सोबत कुंद्याच्या रिकाम्या डब्यातले स्क्रू, एक कुलूप आणि त्याची नसलेली किल्ली. सेल परत खणात टाकताना तो कोणत्या गटातला, याची खूण करू नये, नाही तर पुढच्या वेळी शोधण्यातला आनंद जातो. केंद्र सरकारने 2022 साली बॅटरी कचऱ्याचे नवे नियम काढले; त्यांनुसार ग्राहकाने जुने सेल इतर कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यायचे आणि उत्पादकाने ते परत गोळा होण्याची व्यवस्था करायची. घंटागाडीवाल्याला मी एकदा मेलेल्या सेलांची डबी दाखवून याबद्दल विचारले. त्याने डबीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ओला व सुका यांपैकी हे काय, असे विचारले. तेव्हापासून डबी खणातच आहे.

चार्जर कुठे ठेवावा, हे निराळे सांगायला नकोच. तो ठेवू नये, हरवावा.

आमच्या घरात या सर्व नियमांना न जुमानणारी व्यक्ती एकच, आज्जी. मोटारीने नाकारलेले सेल ती वेचते आणि त्यांतला एक आपल्या खोलीतल्या घड्याळात घालते. मोटार हलवायला जी शक्ती अपुरी पडते, ती काटा ढकलायला महिनोन्‌महिने पुरते. सेल खरोखर संपत आला की सेकंदकाटा नवाच्या आकड्यापाशी, चढ चढताना, जागच्या जागी थरथरतो. तो थरथरू लागला की ती दुसरा टाकाऊ सेल घालते. आम्ही तिला हसतो. आपणही आपल्या घरातल्या अशा व्यक्तीला हसावे.

मागच्या जुलैत रात्री लाईट गेली. बाहेर पाऊस असा होता की पन्हळीचा आवाज वेगळा ऐकू येत नव्हता. मोठी विजेरी उघडली, तर आत सेल गळून स्प्रिंगला चिकटून बसलेले. चार्जिंगचे सेल रिमोटमध्ये होते आणि उतरलेले होते. चार्जर त्या वेळी सापडला, पण त्याला वीज लागते. खणात मोबाईलच्या उजेडात सतरा सेल मोजले आणि सतराही पेन्सिल सेलच्या छोट्या विजेरीत आळीपाळीने घालून पाहिले, तेवढ्यात मोबाईलही बंद पडला. अंधारात सगळे गप्प बसले, तेव्हा आतल्या खोलीतून घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

मी चाचपडत गेलो, स्टुलावर चढलो आणि घड्याळातला सेल काढला. “आरं, चालू हाय की ते!” आज्जी म्हणाली. सेल घेऊन मी खाली उतरलो आणि विजेरीचे झाकण उघडले. तिला दोन लागतात.